पेशी वाढवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असत. जीवशास्त्र म्हणजे झाडे, प्राणी, माणसे, जे जे जिवंत आहे त्याचा अभ्यास. त्या काळी पुष्कळ लोक मुलींना शाळेत घालत नसत, पण कमलताईंच्या घरी तसे नव्हते. त्या हुजूरपागा शाळेत शिकल्या. ही मुलींची शाळा आहे आणि ती १८८४ साली सुरू झाली.

वडिलांना वाटायचे की हिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे. कमलताईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले. १९३९ साली त्यांचे लग्न जयसिंग रणदिवे यांच्याशी झाले. ते गणितवाले होते. त्यांनी बायकोला पुढे शिकायला मदत केली. पुढे कमलताईंच्या नावाआधी डॉक्टर लागलेच, पण ते वेगळे डॉक्टर. सुई टोचणारे नाही, शोध लावणारे. हा फरक मला गुरुजींनी सांगितला. माझ्या आजीला तो अजून पटत नाही. तिचे म्हणणे की औषध देत नाही तो कसला डॉक्टर.

आता सीताफळाची गोष्ट सांगते. आमच्याकडं बालाघाटच्या डोंगरात सीताफळाची झाडे कितीतरी आहेत. दिवाळीच्या आसपास आम्ही पोरं पिशव्या भरून आणतो. डोळे उघडले की फळ तोडायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सीताफळाच्या आत अजून आत काय असते, ते कुणाला माहीत नाही. कमलताईंनी १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम. एस्सी. केले, तेव्हा त्यांचा अभ्यास सीताफळ, रामफळ ज्या कुळातली आहेत त्या कुळाच्या पेशींवर होता. पेशींमधली गुणसूत्रे बघायची असा तो अभ्यास.

पेशी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. मला पण आधी कळले नव्हते. आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. गुरुजींनी कांद्याच्या आतला पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, वर आयोडीनचा एक थेंब टाकला आणि एकेकाला बघायला लावले. मला वाटले होते की नुसते गुलाबी दिसेल. पण आत विटांची भिंत दिसली! एकीला एक चिकटून विटा, आणि पुष्कळ विटांत एक एक ठिपका. ती वीट म्हणजे पेशी आणि ठिपका म्हणजे केंद्रक. कांदा सगळा असल्या पेशींचा बनलेला आहे. ज्वारी पण, शेळी पण, आपण पण.

पेशी हे एक घर आहे असे समजा. झाडाच्या पेशीला बाहेरून पक्की भिंत असते. आपल्या पेशीला भिंत नसते, नुसते पातळ पटल असते. ते दारासारखे आहे, लागेल ते आत घेते, नको ते बाहेर टाकते. आत पाण्यासारखे पण घट्टसर पेशीद्रव्य असते. त्यात तंतुकणिका असतात. त्या म्हणजे घरातली चूल. आपण खाल्लेल्या भाकरीतून जी साखर होते, तिच्यातून श्वासातल्या ऑक्सिजनच्या मदतीने शक्ती काढायचे मुख्य काम त्या करतात. झाडाच्या पेशीत पाणी साठवायची एक मोठी जागा असते, तिला रिक्तिका म्हणतात. ती आमच्या घरच्या रांजणासारखी. पाणी कमी झाले की पान मलूल पडते ते यामुळेच. हिरव्या पानात हरितलवके असतात, ती उन्हात अन्न तयार करतात. तंतुकणिका शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. मी लई वेळ शोधल्या. शेवटी गुरुजींनी सांगितले की त्या फार बारीक आहेत, त्याला मोठे यंत्र लागते.

केंद्रकात गुणसूत्रे असतात. पेशी कशी वागणार, काय बनवणार, हे सगळे त्यांच्यात लिहिलेले असते. सीताफळाच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात आणि माणसाच्या पेशीत ४६. पेशी वाढताना एकीच्या दोन होतात. तेव्हा आधी गुणसूत्रांची नक्कल होते आणि दोघींना सारखा वाटा मिळतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल घेतात तशी. नक्कल बरोबर आली तर काही नाही. पण एखादी नोंद चुकली आणि त्या चुकलेल्या कागदाचीच परत परत नक्कल केली, तर पुढचे सगळे कागद चुकतात. पेशीचेही असेच होते.

आपला गुडघा फुटला तर पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि जखम भरते. जखम भरली की त्या थांबतात. कुठे थांबायचे हे त्यांना माहीत असते. कॅन्सर म्हणजे थांबायचे विसरलेली पेशी. शेतात हराळी माजते तशी ती वाढत जाते आणि चांगल्या पेशींची जागा खाते. नंतर तिचे तुकडे रक्तातून दुसरीकडे जाऊन तिथे रुजतात. हराळी पण वरवर कापून जात नाही. म्हणून लवकर खणावे लागते.

हे मला माहीत आहे, कारण माझ्या आजीच्या छातीत गाठ झाली होती. दुखत नव्हती म्हणून आणि लाज वाटली म्हणून तिने कुणालाच सांगितले नाही. आईने अंघोळीच्या वेळी बघितले. मग तिला बार्शीला नेले. तिथे गाठीचा बारीक तुकडा काढून त्याच्या पेशी बघितल्या, मगच कळले. आजीचे ऑपरेशन झाले. आता तिचा एक हात पुरता वर जात नाही, पण ती भाकरी करते. संक्रांतीला एका घरी तिला चहा वेगळ्या कपात दिला. तो कप नंतर बाजूला ठेवला, ते मी बघितले. आजी घरी येऊन काही बोलली नाही. म्हणून इथे लिहिते. कॅन्सर शिवल्याने होत नाही. एका कपात चहा पिल्याने पण होत नाही. तो आपल्याच पेशीचा रोग आहे.

तर अशा पेशींचा अभ्यास करायला कमलताई मुंबईला गेल्या. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले होते. तिथे डॉ. खानोलकर हे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली शिकून कमलताईंना १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

मग त्या अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोर या गावी. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात जॉर्ज गे नावाचे शास्त्रज्ञ होते. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, हे त्यांचे काम. याला ऊतक संवर्धन म्हणतात. शब्द अवघड आहे पण काम विरजणासारखे आहे. थोडे विरजण दुधात घातले की सगळ्याचे दही होते, त्यातले थोडे परत उद्याला. पण पेशी विरजणापेक्षा लई नाजूक. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, म्हणजे ३७ अंश. साखर, मीठ आणि रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग असे अन्न लागते. ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. सण असो की रविवार असो, जनावराला वैरण चुकत नाही तसे. आणि हवेतला एक जंतू पडला तरी सगळे नासते.

गे साहेबांच्या प्रयोगशाळेतल्या एका पेशींची गोष्ट जगात प्रसिद्ध आहे. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब बाई होती. लहानपणी ती तंबाखूच्या शेतात काम करायची. तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. १९५१ साली तिच्या गाठीचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. आधीच्या कितीतरी लोकांच्या पेशी काही दिवसांत मरून जायच्या, पण हिच्या मेल्याच नाहीत. एका दिवसात त्या दुप्पट होत. ती बाई त्याच वर्षी ३१ व्या वर्षी वारली, मागे पाच लेकरं होती. तिच्या पेशी मात्र अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओची लस चांगली आहे का हे बघायला त्या उपयोगी पडल्या. पण तुकडा घेताना तिला कुणी विचारले नव्हते आणि तिच्या घरच्यांना वीस वर्षांहून जास्त काळ काही कळले नाही. मला हे आवडले नाही. आमच्या घरून वाटीभर विरजण नेताना सुद्धा शेजारच्या काकू आजीला विचारतात.

ही विद्या शिकून कमलताई परत आल्या. तिकडेच राहिल्या असत्या तर तयार यंत्रे मिळाली असती. इकडे मुंबईला १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले होते. तिथे कमलताईंनी पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली. ती आपल्या देशातली पहिली. मोठी इमारत बांधणे एक वेळ सोपे, पण पेशी जगवणारे हात तयार करणे अवघड, असे मला वाटते. त्यांनी पुष्कळ मुलामुलींना हे काम शिकवले, आणि परदेशात गेलेल्या शिकलेल्या लोकांना परत या असे त्या सांगत. १९६६ ते १९७० त्या त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या, म्हणजे हेडमास्तर असल्यासारख्या.

त्यांनी उंदरांवर खूप अभ्यास केला. काही जातीच्या उंदरांत माद्यांना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो. त्यात घराण्यातून आलेल्या गुणसूत्रांचा भाग असतो, शरीरातल्या संप्रेरकांचा भाग असतो आणि आईच्या दुधातून पिल्लात जाणाऱ्या एका विषाणूचा पण. हे तिन्ही मिळून कसे होते ते कमलताई शोधत होत्या. हे दुधाचे उंदरांतले आहे हं. माणसाच्या आईच्या दुधाने बाळाला कॅन्सर होत नाही. मी गुरुजींना मुद्दाम विचारून घेतले, कारण माझी आत्या ओली बाळंतीण आहे आणि ती हा लेख वाचणार आहे. पण आई, आजी किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर घरातल्या बायकांनी जास्त लक्ष द्यायचे असते. म्हणून माझी आई आणि आत्या दोघी तपासून आल्या. दोघी चांगल्या आहेत.

कुष्ठरोगाच्या जंतूंवर पण कमलताईंनी काम केले. त्यातून लस करायचा प्रयत्न झाला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

त्याआधी १९७३ साली त्यांनी मुंबईत अकरा जणींना बरोबर घेऊन भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. मला आधी वाटले की शास्त्रज्ञ बायकांना संघटना कशाला पाहिजे. आईला विचारले, तर ती हसली आणि भांडी घासायला गेली.

नोकरी संपल्यावर सुद्धा त्या घरी बसल्या नाहीत. १९८९ साली नगर जिल्ह्यातल्या (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांना पोटभर आणि चांगले खायला मिळते का, याची त्यांनी माहिती गोळा केली. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. २००१ साली त्या वारल्या. २०२१ साली त्यांच्या जन्मदिवशी गुगलने त्यांचे चित्र लावले होते, सूक्ष्मदर्शकात बघताना. गुरुजींनी ते मोबाईलवर दाखवले.

अजून एक सांगायचे राहिले. १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरची नोंदवही ठेवतात. खेड्यातली असली नोंदवही आपल्या देशात ही पहिली. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांची त्याला मदत झाली. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसे गावोगाव जाऊन विचारतात, कुणाला गाठ आहे का, न भरणारी जखम आहे का, अंगावरून जास्त जाते का. त्यामुळे बायका लवकर दाखवायला लागल्या. परंडा आणि भूम आपल्याच जिल्ह्यात आहेत.

भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला आहे. त्यात कांद्याचा पापुद्रा लावला आहे. आलेल्या आयांनी आणि आज्यांनी पण बघावे, नुसते गुरुजींनी आणि पुरुषांनी नाही. एक डोळा मिटायचा आणि दुसरा नळीला लावायचा. आधी पांढरे दिसेल, घाबरू नका, थोडे थांबा. काचेला हात लावू नका, ती सरकते आणि मग मला परत लावावी लागते. आजी येणार आहे. तिला मी सगळ्यांच्या आधी दाखवणार आहे.

(इयत्ता चौथी)