डॉ. कमला सोहोनी : पारखल्यावाचून निकाल न देणारी विदुषी

आपण रोज वरण-भात जेवतो. परंतु त्या अन्नाचे रक्तमांसात रूपांतर करणारे कामगार आपल्या दृष्टीस कधी पडत नाहीत. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे त्यांचे नाव. त्यांच्यावाचून घास पचत नाही, श्वास चालत नाही, बीज रुजत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामगारांचे काम मोजावे कसे, हा जीवरसायनशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. या प्रश्नाच्या मागावर एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य वेचले. त्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

त्यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेतून आरंभीच्या काळात शिकून बाहेर पडलेले. थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांना पुढे 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. अशा विद्याव्यासंगी घरातील या कन्येने 1933 साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी मिळवली आणि गुणानुक्रमे त्या सर्वांत वर आल्या. वडिलांच्याच संस्थेत संशोधन करावे, या आशेने त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन हे होते. नकाराचे कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. गुण पाहिले गेले नाहीत, परीक्षा घेतली गेली नाही. निकाल मात्र आधीच लागला होता. कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या थेट बंगलोरला गेल्या आणि गांधीजींच्या मार्गाने संचालकांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. आणि पुरुष संशोधकांचे चित्त त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये, अशीही ताकीद होती. या अटींतील अपमान त्यांना खोल झोंबला. तरीही विद्येसाठी त्यांनी तो गिळला.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण न्यायी गुरू होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात त्यांच्या कामाने संचालकांचे मत पालटले, त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडले. 1936 साली त्यांनी एम्. एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. पहिल्या दिवसांची सल मात्र त्यांनी लपवली नाही. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून थोरपण मान्य करूनही, स्त्रियांविषयीची त्यांची दृष्टी संकुचित होती, हे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले.

1937 साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध होती. वनस्पतींच्या पेशींवर काम करणारे रॉबिन हिल यांच्यासमवेत त्या बटाट्याचा अभ्यास करू लागल्या. सजीवांच्या पेशीत श्वसनाची एक साखळी असते आणि सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये हे तिचे दुवे असतात. प्रकाशाच्या पट्टीत ठराविक जागी पडणाऱ्या काळ्या रेघांवरून त्यांची ओळख पटते. केंब्रिजचेच डेव्हिड केलिन यांनी 1925 साली कीटक, यीस्ट इत्यादींतील या रंगद्रव्यांचे महत्त्व दाखवून दिले होते. यांतील सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या पेशीतही असते, हे कमलाबाईंनी सिद्ध केले. ज्या साखळीने प्राणी श्वास घेतो, तिचाच दुवा मुक्या बटाट्यातही सापडला. 1939 साली, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर, त्यांना पीएच्. डी. मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. 1947 साली विमागणिती श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटातील अन्न हाच आता त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

कच्च्या डाळी-कडधान्यांत काही द्रव्ये अशी असतात, की ती ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून धरतात. ही अडवणूक किती, हे मोजण्याची रीत समजण्यास सोपी आहे. ट्रिप्सिनने दुधातील केसीन किती पचवले ते प्रथम मोजावयाचे; मग त्यात डाळीचा अर्क घालून पुन्हा मोजावयाचे. दोहोंतील फरक म्हणजे त्या द्रव्याचे बळ. आज याच कामासाठी केसीनला चमकणारे फ्लुओरेसंट रंग जोडतात. रंगाचे कण दाटीने बसलेले असेपर्यंत ते एकमेकांची चमक दाबून टाकतात. विकराने केसीनचे तुकडे केले, की ते सुटे होऊन उजळतात. उजेड जितक्या वेगाने वाढेल, तितके विकर कामसू. साधन पालटले, प्रश्न तोच राहिला. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा अवरोधक द्रव्यांचा शोध कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. डाळ नीट शिजवली, की त्यांचे बळ बव्हंशी नाहीसे होते. आपल्या आजीच्या चुलीवर मऊ शिजणाऱ्या वरणामागे हे शास्त्र होते.

नीरेचेही तसेच. रायपूरहून दक्षिणेस बस्तरकडे गेले, की छिंद आणि सल्फी या झाडांचा रस काढलेला पाहावयास मिळतो. असा रस ताजा असता गोड असतो, आंबला की मादक होतो. म्हणून पुष्कळांच्या लेखी नीरा आणि ताडी एकच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ताज्या नीरेची कसून तपासणी केली. तीत जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना ती दिली असता त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढे होऊनही मुंबईच्या संस्थेचे संचालकपद त्यांच्या हाती उशिराच आले. तेथेही दाराशी थांबणे चुकले नाही. पुढे, 1966 साली मुंबईतील नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले, 1982-83 मध्ये तिचे अध्यक्षपद भूषवले आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकातून सामान्य गृहिणीला सावध करणारे लेख लिहिले.

1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

वाचकहो, ज्या स्त्रीविषयी पारख न करताच निकाल दिला गेला, तिने जन्मभर प्रत्येक वस्तूची आधी पारख केली आणि मगच तिच्याविषयी मत दिले. बटाटा, डाळ, नीरा या साध्या वस्तूंनाही तिने तो न्याय नाकारला नाही. आपल्या घरी, शाळेत वा कचेरीत एखादी मुलगी दाराशी उभी असेल, तर तिला तो न्याय देणे आपल्या हाती आहे.