सव्वा शिलिंगाचा दिवस

लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत ओटच्या भरडीची लापशी शिजवण्यास आणि कोकोसाठी पाणी उकळण्यास रोज सकाळी वीस मिनिटे लागत. खोली एकच. तिच्यातच निजणे, तिच्यातच कायद्याची पुस्तके आणि तिच्यातच स्टोव्ह. दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स, म्हणजे बरोबर सव्वा शिलिंग. मोहनदास करमचंद गांधी या नावाभोवती पुढे उपवासांचे आणि व्रतांचे जे वलय निर्माण झाले, त्यामुळे या खोलीकडे आज पाहताना तेथेही एखादी तपश्चर्या चालली होती असा भास होतो. वास्तविक तेथे राहत होता तो दिवाणाच्या घरात वाढलेला, सणसणीत भूक असलेला आणि विलक्षण लाजाळू असा एक विद्यार्थी. आणि स्वस्तात पोटभर जेवायला शिकण्यापूर्वी महागात अर्धपोटी राहण्याचा अनुभव त्याने पुरेपूर घेतला होता.

४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजींनी मुंबईचा किनारा सोडला, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष पुरे व्हायचे होते. वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. शिक्षणाचा भार थोरल्या बंधूंनी, लक्ष्मीदासांनी, उचलला होता. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी शपथ बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष घेतल्यावरच आई पुतळीबाईंनी अनुमती दिली होती. मुंबईत मोढ वाणी समाजाची सभा भरली. शेटजींनी या मुलाला जातीबाहेर घातले आणि त्याला मदत करणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. बोटीवर काट्या-चमच्यांची धास्ती आणि कशात मांस असेल हे विचारण्याचा संकोच, यांमुळे स्वारी बहुतेक काळ केबिनमध्ये बसून घरून दिलेल्या मिठाईवर आणि फळांवर राहिली.

लंडनमध्ये पोचल्यावर हाच संकोच पोटावर बसला. आरंभी रिचमंडला एका स्नेह्याकडे आणि नंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था झाली. सकाळच्या लापशीने निदान आधार तरी मिळे. दुपारी आणि रात्री मीठमसाल्याविना उकडलेला पालक, पाव आणि मुरंबा. दूध नाही. पावाचे दोन-तीन तुकडे झाल्यावर आणखी मागण्याची लाज वाटे. घरमालकीण रोज आपुलकीने विचारी; पण शाकाहारी माणसाला काय करून घालावे हे तिलाच ठाऊक नव्हते. तिच्या दोन मुली आग्रहाने एखादा तुकडा जास्त वाढीत, पण या पाहुण्याला अख्ख्या पावाखेरीज भागण्यासारखे नाही याची कल्पना त्यांना कोठून असणार! आठवड्याचे पैसे मात्र पुरे द्यावे लागत. मोबदला भरून घ्यावा आणि उपाशी उठावे, असा हा व्यवहार होता.

मग पायपीट सुरू झाली. रोज दहा-बारा मैल हिंडायचे, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात शिरून पाव खायचा आणि तरीही असमाधानाने बाहेर पडायचे. अशा भटकंतीत एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह दृष्टीस पडले. दाराजवळ काचेमागे विक्रीची पुस्तके मांडलेली होती. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचे समर्थन करणारे पुस्तक होते. एक शिलिंग देऊन ते घेतले आणि गांधीजी थेट जेवणघरात गेले. इंग्लंडात आल्यापासूनचे ते पहिले पोटभर जेवण. तोवर केवळ आईला दिलेल्या वचनासाठी पाळलेला शाकाहार त्या पुस्तकाच्या वाचनानंतर स्वतःच्या पसंतीचा झाला. मात्र पुस्तकाचा तो परिणाम सांगताना आधी पोट भरले होते ही गोष्ट सहसा वगळली जाते.

यानंतर सभ्य इंग्रज गृहस्थ बनण्याचा नाद मधेच तीनेक महिने लागला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांना शिवलेला संध्याकाळचा पोशाख, नृत्याची शिकवणी, व्हायोलिन, वक्तृत्वाचे धडे. तो नाद जितक्या वेगाने आला तितक्याच वेगाने ओसरला. कपड्यांचा नीटनेटकेपणा तेवढा पुढे काही वर्षे राहिला.

या सगळ्या काळात एक सवय अखंड होती. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्रावर गेलेले दोन पैसे, सारे वहीत मांडायचे आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. त्या वहीनेच त्यांना खर्च कोठे गळतो ते दाखविले. कुटुंबात राहायचे म्हणजे बाहेर जेवले तरी घरचे बिल चुकत नाही, आणि शिष्टाचार म्हणून घरच्या मंडळींना अधूनमधून बाहेर जेवायला न्यावे लागते ते वेगळेच. तेव्हा त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि त्याही कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत जाता येईल अशा बेताने. गाडीभाडे वाचले, रोज आठ-दहा मैलांची रपेट घडू लागली. पुढे गांधीजींना एका गरीब विद्यार्थ्याची ओळख झाली. तो वस्तीतल्या एका खोलीचे आठवड्याला दोन शिलिंग भाडे देई आणि लॉकहार्टच्या कोको-गृहात दोन पेन्सांच्या कोको-पावावर एका वेळचे भागवी. त्याला पाहून आपल्या दोन खोल्या गांधीजींना डाचू लागल्या. भाऊ मागेल तितके पैसे न कुरकुरता पाठवीत होता, हेच मनाला अधिक लागले. एक खोली सुटली, स्टोव्ह आला.

सव्वा शिलिंगाच्या या जमाखर्चात दुपारच्या जेवणाचे महत्त्व मोठे. शाकाहारी उपाहारगृहांत दोन विभाग असत. एका बाजूला मागाल तो पदार्थ मिळे आणि एका जेवणाला एक-दोन शिलिंग सहज लागत. दुसऱ्या बाजूला सहा पेन्सांत तीन पदार्थ आणि पावाचा एक तुकडा. काटकसरीच्या दिवसांत गांधीजी दुसऱ्या बाजूला बसत. विद्यार्थ्यांना साधेपणाचा उपदेश करताना या खोलीचा दाखला देणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये. वीस मिनिटांच्या लापशीवर अभ्यास होतो, परंतु तो होण्यासाठी रस्त्यापलीकडे सहा पेन्सांचे स्वच्छ, ताजे जेवण मिळावे लागते. लंडनमधील शाकाहारवाद्यांच्या चळवळीने ती सोय निर्माण केलेली होती. शिवाय गांधीजींची काटकसर ही अखेर ज्याला अधिक खर्च करणे शक्य होते त्याची काटकसर होती. कोको-गृहातल्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला निवड नव्हती, आणि त्याचे नाव कोणत्याही चरित्रात आलेले नाही.

या काळात नारायण हेमचंद्र हे गुजराती साहित्यिक लंडनमध्ये होते. मराठी, हिंदी, बंगाली येत असलेल्या या मनस्वी माणसाला आता इंग्रजी शिकायचे होते, आणि ते शिकवायला गांधीजी मिळाले. दोघे शेजारीच राहत, दोघेही शाकाहारी, त्यामुळे बरोबर जेवणे ओघानेच आले. त्या दिवसांत गांधीजींचा आठवड्याचा खर्च सतरा शिलिंग होता. गांधीजी इंग्रजी पद्धतीने गाजराचे सूप करीत, आणि डाळीवाचून घास न उतरणाऱ्या नारायण हेमचंद्रांना त्यांच्या अभिरुचीची कीव येई. एकदा या गृहस्थांनी कोठून तरी मूग पैदा केले, शिजविले आणि गांधीजींच्या खोलीवर आणून दिले. गांधीजींनी ते आनंदाने खाल्ले. मग देवघेवीचा रिवाजच पडला. इकडचे सूप तिकडे, तिकडचे मूग इकडे.

गंमत अशी की, ज्या बॅरिस्टरीसाठी हा सारा खटाटोप चालला होता, तिची एक अट जेवण हीच होती. इनर टेम्पलमध्ये नाव घातलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात ठराविक जेवणांना हजर राहावे लागे, आणि एका जेवणाला अडीच ते साडेतीन शिलिंग पडत, म्हणजे खोलीवरच्या दोन-अडीच दिवसांचा खर्च. तेथे गांधीजींच्या वाट्याला आरंभी पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी एवढेच येई. चौघांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. न पिणारा चौथा असला की उरलेल्या तिघांची चंगळ. म्हणून या अबोल विद्यार्थ्याला आपल्या टेबलावर बसविण्यासाठी चढाओढ लागे.

कसोटीही याच काळात आली. अंडे हे मांस नव्हे, असे प्रतिपादन ऐकून गांधीजींनी दोन आठवड्यांहूनही कमी काळ अंडी खाऊन पाहिली. मग लक्षात आले की, शपथेतल्या मांस या शब्दाचा अर्थ ती घेविणाऱ्या आईच्या मनात जो होता तोच धरला पाहिजे. अंडी सुटली, त्यांबरोबर केक आणि कितीतरी पुडिंगेही सुटली, कारण त्यांत अंडे असे. प्रत्येक ठिकाणी वाढप्याला विचारणे आले. एके काळी पावाचा तुकडा मागायला लाजणाऱ्या माणसाने ही चौकशी नेमाने केली. रिचमंडला नकोसा झालेला बिनमसाल्याचा पालक आता चवीने खाल्ला जाऊ लागला होता.

१० जून १८९१ रोजी गांधीजी बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला मायदेशी निघाले. मुंबईच्या धक्क्यावर भाऊ घ्यायला आला होता. आई गेल्याची बातमी त्यांना येथे कळली. ते इंग्लंडात असतानाच ती वारली होती. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून भावाने ते कळविले नव्हते.

राजकोटला लंडनची तीच लापशी आणि तोच कोको घरात आले. चहा-कॉफीच्या जागी कोको यावा असा बेत होता. तो चहा-कॉफीच्या जोडीला आला आणि घरखर्च वाढला. वकिलीचा अनुभव घेण्यासाठी मग मुंबईस गिरगावात बिऱ्हाड थाटले. रविशंकर नावाच्या स्वयंपाक्याला स्वयंपाक येत नव्हता, तेव्हा पुन्हा एक स्टोव्ह विकत आणून इंग्रजी शाकाहारी पाककृती त्याला शिकविणे भाग पडले. स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपयांचा पहिला खटला उभा राहिला आणि उलटतपासणीच्या वेळी तोंडून शब्द फुटेना. रोज तासभर इंग्रजी शिकविण्यासाठी पंचाहत्तर रुपयांवर शिक्षक हवा, अशी एका शाळेची जाहिरात वाचून अर्ज केला, तर पदवीधर नसल्याने तोही नामंजूर झाला. ट्रामचे भाडे वाचविण्यासाठी बॅरिस्टर गांधी हायकोर्टापर्यंत पाऊण तास पायी जात आणि तसेच पायी गिरगावास परत येऊन रविशंकरबरोबर स्टोव्हपाशी बसत. सहा महिन्यांत हे बिऱ्हाड मोडले.