बेनवेनुतो चेल्लिनी (१५००-१५७१)

गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रावतीपलीकडे, बस्तरात, घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून मूर्ती घडवतात. वर मातीचा लेप देऊन ती भाजली की मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. इटलीतील प्रबोधनकालीन कांस्यशिल्पांची ओतकामाची पद्धत मूलतः हीच होती. तिचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध वृत्तान्त फ्लोरेन्सच्या एका सोनाराने, बेनवेनुतो चेल्लिनीने, आपल्या आत्मचरित्रात दिला आहे.

मुलाने बासरीवादक व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलगा मात्र पंधराव्या वर्षी सोनारकामाकडे वळला. रोममध्ये पोपचा आश्रय, भांडणे, खूनसुद्धा, मग तुरुंगवास. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी त्याने समुद्रदेव आणि पृथ्वीदेवी यांच्या मूर्ती असलेले सोन्याचे मीठपात्र घडवले. १५४५मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा ड्यूक कोसिमोने ग्रीक पुराणकथेतील पर्सियसचा पुतळा त्याच्यावर सोपवला. सोनाराला एवढे मोठे शिल्प जमेल काय, ही शंका दरबारात होतीच.

ओतकामाच्या वेळी चेल्लिनी तापाने फणफणला होता. धातू गोठू लागल्याचे कळताच तो अंथरुणातून उठला, भट्टी पुन्हा धगधगती केली आणि घरातील कथलाची सुमारे दोनशे ताटेवाट्या रसात टाकली. पुतळा उतरला, एका पायाची बोटे तेवढी अपुरी राहिली.

माझ्या मते या कामाचे खरे वैभव चौथऱ्याच्या कोनाड्यांतील चार लहान कांस्यमूर्तींत आहे. ज्युपिटर, मर्क्युरी, मिनर्व्हा आणि बाळ पर्सियससह त्याची आई डॅनाए. सोनाराचा हात येथे लपत नाही आणि लपण्याचे कारणही नाही. डचेस एलिओनोराला त्या आपल्या दालनात हव्या होत्या. चेल्लिनी सांगतो की, ड्यूक आणि डचेस बाहेर गेल्याची संधी साधून त्याने शिसे वापरून त्या चौथऱ्यात पक्क्या बसवल्या. डचेसची मर्जी मात्र गेली.

१५५४मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. तीन वर्षांनी एका खटल्यात शिक्षा होऊन चेल्लिनी घरातच स्थानबद्ध झाला. १५५८च्या सुमारास, हाताने काम चालू ठेवून, त्याने एका किशोराकडून आत्मचरित्र लिहवून घेण्यास आरंभ केला. त्यामुळे त्या गद्यात बोलण्याचा ठेका जसाच्या तसा उतरला. आत्मप्रौढीही उतरली, हे वाचताना विसरू नये. ग्रंथ छापला गेला तो १७२८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. पक्क्या बसवलेल्या त्या मूळ मूर्ती आता बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. चौथऱ्यावर दिसतात त्या प्रतिकृती.