सुटकेची किंमत
न्यायालयाने निर्दोष ठरविलेला मनुष्य पुन्हा तुरुंगातच नेला जावा, आणि तोही केवळ जेलरची फी देता आली नाही म्हणून, हा प्रकार अठराव्या शतकातील इंग्लंडात नित्याचा होता. १७७३ साली बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डला तो असह्य वाटला. शेरीफपद वास्तविक मानाचे. तुरुंगाची दगदग दुय्यमांवर सोपवून मोकळे होण्याचीच रीत होती. परंतु बंदिवासाची चव हॉवर्डने स्वतः घेतली होती. तरुणपणी लिस्बनला जाताना त्याचे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि ब्रेस्टच्या किल्ल्यात त्याला गवतावर रात्री काढाव्या लागल्या.

दोष एखाद्या जेलरच्या स्वभावाचा नव्हता. त्याला वेतनच नसे. कैद्यांकडून घेतलेली फी, बेड्या हलक्या करण्याचा मोबदला आणि तुरुंगातच चालणारी मद्यविक्री यांवर त्याचा चरितार्थ चाले. बंदिवान हेच त्याचे गिऱ्हाईक! जेलरला वेतन द्यावे, अशी मागणी हॉवर्डने परगण्याच्या न्यायाधीशांकडे केली. त्यांनी पूर्वदाखला मागितला. तो शोधीत हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत हिंडला. दाखला मिळाला नाही. अन्याय मात्र सर्वत्र तोच आढळला. परगण्याचा जो खर्च वाचल्यासारखा दिसे, तो प्रत्यक्षात सर्वांत दरिद्री माणसाकडून वसूल होणारा करच होता. जामिनाची ऐपत नसल्यामुळे वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या बिहारमधील कच्च्या कैद्यांचा प्रश्न १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, हे येथे आठवावे.

१७७४ मध्ये हॉवर्डने पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्यांची फी रद्द करून तिचा भार परगण्याच्या तिजोरीवर टाकला. दुसऱ्याने भिंतींना चुना, खेळती हवा व आजाऱ्यांसाठी निराळ्या खोल्या आवश्यक केल्या. कायदे कागदावरच राहतात हे जाणून त्याने ते स्वखर्चाने छापून तुरुंगातुरुंगांत धाडले. पुढे तो घोड्यावरूनच हिंडे, कारण कोठड्यांची दुर्गंधी कपड्यांत इतकी भिनलेली असे की बंद गाडीत बसवत नसे. टिपणवहीसुद्धा विस्तवापुढे धरल्यावाचून उघडता येत नसे.

त्या वहीतून १७७७ साली त्याचा तुरुंगांवरील ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील गणनेनुसार इंग्लंड व वेल्समधील ४,०८४ बंदिवानांपैकी २,४३७ ऋणको होते. कर्ज फेडण्यासाठी ज्याने कमवावे, त्यालाच कोंडून ठेवायचे, असा हा व्यवहार!

त्याचे सर्वच उपाय निर्दोष नव्हते. रात्री प्रत्येकास स्वतंत्र कोठडी असावी, या त्याच्या आग्रहाचे पुढील शतकात कठोर एकांतवासात रूपांतर झाले. त्याने मात्र युरोपभर प्रवास चालूच ठेवला. २० जानेवारी १७९० रोजी, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या खेर्सन येथे, तापाने त्याचा अंत झाला. इंग्लंडातील तुरुंगांची फी कायद्याने रद्द होण्यास १८१५ साल उजाडावे लागले. ऋणकोंचा तुरुंगवास बव्हंशी संपण्यास १८६९.