पंपाचा दांडा

मला डॉ. जॉन स्नो आवडतात. त्यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. पाचशेंवर माणसे दगावली. मोठमोठे डॉक्टर घाण हवेला दोष देत. स्नो यांनी घरोघर चौकशी केली. बहुतेक मेलेले लोक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पीत होते. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला. पुढे त्यांनी मृत्यूंचा नकाशा केला. १८५८ साली ते वारले. आरोग्यसेवकांना शिकवताना आजही तो नकाशा दाखवतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब झाले. आरोग्यसेवकांनी पाणी कुठलं ते विचारलं. मी भीतीने नळाचं सांगितलं, होतं ओढ्याचं. आता मी खरंच सांगीन. तुम्हीपण सांगा.