क्रमांक नसलेला खेळाडू



2017 च्या ऑगस्टमध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून आपला पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला, तेव्हा त्याच्या पाठीवर 10 हा आकडा होता. तो सचिन तेंडुलकरचा आकडा. लोक रागावले आणि शार्दूलने पुढे 54 क्रमांक घेतला. थोर खेळाडूचा क्रमांक असा कायमचा राखून ठेवण्याची रीत अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये फार जुनी आहे. पण हा मान कुणाला द्यावा? नुसत्या धावा आणि बळी मोजून? हा प्रश्न आला की मला बाळू पालवणकर आठवतात.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला, चांभार समाजात झाला. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात ते मैदानाची कामे करीत. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता ते पट्टीचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाला ते हवेसे झाले. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. ज्या हाताने टाकलेला चेंडू सगळे झेलत, त्या हाताचा कप मात्र कुणाला चालत नसे.

पुढे ते मुंबईला आले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 बळी आहेत. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 साली तर अन्याय असह्य होऊन त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाने झिजवलेल्या वाटेवरून धाकटा पुढे गेला. 1955 साली बाळूंचे निधन झाले.

अमेरिकेत 1947 साली जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत उतरला. पन्नास वर्षांनी, 1997 साली, तिथल्या सर्व संघांनी त्याचा 42 क्रमांक राखून ठेवला. तो उत्तम खेळत असे, हे खरेच. पण नुसत्या उत्तम खेळासाठी सगळ्या संघांनी आकडा सोडला नसता. त्याने अपमान गिळून इतरांसाठी दार उघडले, त्याचा तो मान होता.

बाळूंच्या काळी जर्सीवर क्रमांकच नव्हता, मग राखून काय ठेवणार? म्हणून निदान कसोटी तरी राखून ठेवू या. विक्रम उद्या दुसरा कुणी मोडेल; उघडलेले दार मात्र पहिल्याचेच राहते.

आपल्या देवळीच्या परिसरात क्रिकेटचे सामने भरतात, तेव्हा चषकाला कुणाचे नाव द्यायचे यावर चर्चा होते. देणगी कुणी किती दिली हे विचाराच. पण मुलांनो, ज्याच्यामुळे दुसऱ्या कुणाला मैदानात पाऊल टाकता आले, असा माणूस आपल्यात होऊन गेला का, हेही जरूर विचारा.