पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव फुले

राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर यांसारख्या गावांत नगरपालिकेची निवडणूक लागली की उमेदवारांच्या पत्रकांवर शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या जोडीने महात्मा फुले यांचे छायाचित्र हमखास येते. मुलींची शाळा काढणारे फुले, सत्यशोधक समाजाचे संस्थापक फुले मतदारांना ठाऊक असतात. मात्र ते सुमारे सहा वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, ही गोष्ट पत्रक छापणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते. त्यांच्या चरित्रांतही या कालखंडाला जेमतेम काही पानेच मिळतात.

फुले यांच्या घडणीत नगरचा वाटा मोठा आहे. १८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे आडनाव पडले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याकडे नगरला गेले आणि तेथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार चालवीत असलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. परतल्यावर १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यातील शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही फॅरारबाईंच्या हाताखाली नगरला झाले. पुढची हकिकत सर्वपरिचित आहे. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला.

शाळा आणि समाजकार्य यांवर त्यांचा चरितार्थ चालत नव्हता. जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या सरकारी कामांना त्यांनी माल पुरविला होता. दगड, चुना, मजुरी यांचे भाव त्यांना तोंडपाठ असणार. इंजिनिअर खात्यातील कामगारांच्या डावपेचांवर त्यांनी पोवाडा रचला, तो ऐकीव माहितीवर नव्हे. म्युनिसिपालिटीच्या सभेत पुढे येणारा खर्चाचा अंदाज कागदावर कसा फुगतो, हे अशा माणसाला सांगावे लागत नाही.

१८७६ मध्ये सरकारने त्यांची म्युनिसिपालिटीवर नेमणूक केली. नेमणूकच, निवडणूक नव्हे. त्या काळी पुण्याच्या म्युनिसिपालिटीत सभासद सरकार नेमीत असे आणि कारभाराची सूत्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असत. नगराध्यक्ष जनतेने थेट निवडावा की नगरसेवकांनी, यावरून अलीकडच्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील कायदा कितीदा तरी उलटसुलट बदलला; जोतीरावांच्या वेळी हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ज्यांची मर्जी राखायची ते मतदार नव्हते, सरकार होते. त्यामुळे सभासदत्व हा बहुतेकांच्या लेखी मान होता. सभेला जावे, ठरावाला होकार द्यावा, दरबारात खुर्ची मिळवावी, एवढ्यावर काम भागत असे.

काळ तर मोठा कठीण होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले होते. त्यामागोमाग १८७६-७७ चा दुष्काळ आला. खेड्यांतून माणसे शहराकडे लोटली. जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला आणि त्यासाठी लोकांना मदतीचे आवाहन केले. याच दुष्काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीला थाटाचा दरबार भरविला होता.

हेच लिटनसाहेब १८८० मध्ये पुण्यास येणार, असे ठरले. शहर सजवावे, स्वागत करावे, आणि त्यासाठी म्युनिसिपालिटीने हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव आला. जोतीरावांचे म्हणणे होते की, करदात्यांचा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा. ठराव मतास पडला तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे होते. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताविरुद्ध मत द्यायचे, यात काय जोखीम होती हे कंत्राटदार जोतीरावांना कळत नव्हते असे मानणे कठीण. ठराव अर्थातच मंजूर झाला.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे प्रभारी अध्यक्ष प्लंकेट यांना दारूच्या दुकानांविषयी पत्र लिहिले. शहरात गुत्ते वाढत चालले होते. एकीकडे म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसरीकडे आरोग्य व संसार दोन्ही बुडविणारी दुकाने तिच्याच हद्दीत उघडली जातात, ही विसंगती त्यांनी पुढे मांडली. दारूपासून सरकारला उत्पन्न मिळत होते, शहराच्या वाट्याला उद्ध्वस्त घरे येत होती. 

मंडईच्या प्रश्नावर तर त्यांनी अनेकांना कोड्यात टाकले. शनिवारवाड्यापुढील मैदानातील भाजीबाजार हलवून लाखो रुपये खर्चून भव्य इमारत उभारण्याचा बेत होता. जोतीरावांनी आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. एवढी रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी बरोबर होती असे म्हणता येत नाही. वाढत्या शहराला निवाऱ्याचा, स्वच्छ बाजार हवाच होता आणि त्याचा लाभ माल विकणाऱ्या माळी-कुणब्यांनाही होणार होता. तथापि पैसा मोजकाच असेल तर आधी कशाला, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नव्हता. इमारत १८८६ मध्ये पूर्ण झाली आणि गव्हर्नरांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेले, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला तीच आज पुणेकरांची फुले मंडई आहे.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात निवडून आलेल्या सभासदांचा मार्ग रुंदावला. जोतीरावांचा सभासदत्वाचा काळ तोवर संपला होता. सार्वजनिक सभेसारख्या संस्थांनी या सुधारणांचे स्वागत केले. जोतीरावांना त्याबद्दल फारसा उत्साह नव्हता. मताचा अधिकार कर भरणाऱ्या आणि शिकलेल्या थोड्यांपुरता राहणार, आणि निवडून येणारेही त्यांच्यातलेच असणार, हे उघड होते. त्याच सुमारास लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी भाजीची गाडी घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची दैना मांडली आहे. नाक्यावर म्युनिसिपालिटीची जकात, बाजारात मधले लोक, आणि घरी जाताना हाती उरणारे चार पैसे. शहराची तिजोरी कोण भरतो आणि ती कोणासाठी उघडते, हे त्यांनी सभागृहात बसून पाहिले होते. १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईतील मांडवी येथे लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्यानंतर थोड्याच काळात पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली. पुढचे लेखन त्यांनी डाव्या हाताने केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. देहाला अग्नी न देता मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि घरामागे त्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता. परंतु वस्तीच्या जागी दफन करण्यास म्युनिसिपालिटीने परवानगी दिली नाही. अखेर दहनच करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले, आणि मागाहून अस्थी त्या खड्ड्यात ठेवण्यात आल्या.